काळी चारची शीळ

नोव्हेंबर लागला की मिशिगनमध्ये उघड्या गाडीची चैन संपते. माझी माझदा मियाटा १९९४ ची. कापडी टप मागे दुमडायचा आणि त्यावर फायबरचा हार्डटॉप बसवायचा, हा दरवर्षीचा कार्यक्रम. वजन जेमतेम २० किलोच्या आसपास, पण धूड अवजड, त्यामुळे दुसरा माणूस लागतोच. यंदा सांगलीहून आलेले बाबा होते.

टप बसवून आय-९४ वर निघालो. ताशी ४५ मैलांपर्यंत सगळं शांत. ६५ वर बाबांच्या बाजूला शीळ सुरू झाली. त्यांची उभी हयात कीर्तनात पेटी वाजवण्यात गेलेली. डोळे मिटून म्हणाले, "काळी चार." मी ७० वर नेली. "आता वर चढली."

एवढ्यावरून निम्मं निदान झालं. लांबलचक फट असेल तर नुसतं सूं होतं. अशी सुरात शीळ यायला फट बारीक आणि कडेची लागते. वेग वाढला की सूरही चढतो. आणि आवाज वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याची ऊर्जा साधारण सहाव्या घाताने वाढते. म्हणजे ८० चे १०० केलेत की जवळजवळ चौपट. म्हणून गल्लीत फिरून बघण्यात काही अर्थ नसतो.

पहिल्या हिवाळ्यात मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुकानातून स्पंजची पट्टी आणून सगळीकडे चिकटवली, समोरच्या काचेच्या चौकटीवरच्या दोन्ही कड्या कचकचून आवळल्या. टप ताठ असतो. पुढून दाबला तसा मागून उचलला गेला, आणि पुढचं बीडिंग दबून कायमचं चपटं झालं. आता चाकाचे नट आवळतात तसं करतो: आधी सगळ्या कड्या नुसत्या अडकवायच्या, मग थोडं इथे, थोडं तिथे.

यंदा तसंच केलं होतं, तरी शीळ होतीच. मग निळी मास्किंग टेप काढली. टप आणि गाडी यांच्यामधला सगळा सांधा बाहेरून झाकला आणि पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. शीळ तशीच! म्हणजे टप निर्दोष. मी उगीच त्याच्याकडे संशयाने बघत होतो. दाराची काच वर करून तिची कडाही टेपने बंद केली (बाबा आत अडकले, दाराला हात लावायचा नाही अशी ताकीद) आणि शीळ गेली. मग आडोशाला थांबून टेप एकेक वीत सोलत गेलो. मागचा वरचा कोपरा उघडा पडला आणि काळी चार परत.

"पेटीचा भाता गळतो तेव्हा आम्ही असंच एकेक जोड बोटाने दाबत बघतो," बाबा म्हणाले.

या गाडीच्या दाराच्या काचेला वर चौकट नाही. ती थेट टपाच्या रबरावर टेकते, आणि वेगात बाहेरची हवा तिला बाहेर ओढते. घरी आल्यावर काचेत कागद धरून बघायचा होता. बाबांच्या खिशात एसटीचं तिकीट निघालं, वडाप सोडून लालपरीनेच जाण्याच्या हट्टाचा पुरावा. रबर आणि काच यांच्यामध्ये ते धरून ओढत गेलो. पुढे कुरकुरत निघत होतं. मागच्या कोपऱ्यात लोण्यातून सुरी निघावी तसं सुटलं.

दाराचं आतलं पॅनल काढलं, काचेच्या मार्गदर्शक पट्टीचे बोल्ट सैल केले आणि काच अगदी केसभर आत कलवली. तिथेही हात राखूनच काम करावं लागतं, जास्त कलवली तर दार लावताना काच रबरात रुतते. तिकीट आता सगळीकडे सारखं अडत होतं. रबरावर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवला. व्हॅसलीन कधी लावू नये, तेलाने हे रबर फुगतं.

दुसऱ्या दिवशी ६५, मग ७०. बाबा कान लावून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अरे," शेवटी म्हणाले, "तुझ्या मागे काहीतरी खडखडतंय. कालपण असणार. ऐकूच येत नव्हतं."