हातगाडीलाही वकील हवा!

बिबवेवाडीतील आमच्या वस्तीत एक ताई वडापावची हातगाडी लावतात. गेल्या पावसाळ्यात गाडी उचलली गेली. ना नोटीस, ना जप्त सामानाची यादी. आम्ही कार्यकर्त्यांनी काय केले? ओळखीच्या माणसाला फोन लावला. ताईंनी उसने पैसे भरले, गाडी सुटली आणि आम्ही 'काम झाले' म्हणून मोकळे झालो. आज त्याची लाज वाटते.

पथविक्रेता कायदा, 2014 सांगतो : हटवण्याआधी 30 दिवसांची नोटीस, जप्तीची सही केलेली यादी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आहे, 15100 हा फोन आहे. आम्ही तिथे गेलोच नाही. वकील अत्याचाराच्या खटल्यासाठी, धंद्यासाठी ओळख, हे आमच्याच डोक्यात बसले होते!

बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. जात कळताच गिऱ्हाईक तुटले. जात पोटावरही मारते, मग पोटाची लढाई कायद्याने का लढू नये? ओळखीने सुटलेली गाडी उपकाराखाली राहते. हक्काने सुटलेली गाडी पुढच्या दहा गाड्यांना वाट करून देते.

मित्रांनो, आपल्या विहारात जातीचे दाखले, पावत्या, अर्ज घेऊन बसा. आम्ही सुरुवात केली आहे. पहिला अर्ज ताईंचाच!

जयभीम!