झाडू, झेंडा आणि कॅमेरा

आमच्या वस्त्यांमधली मुलं-मुली आता पत्रकारितेच्या आणि फोटोग्राफीच्या वर्गात दिसू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांचे फोटो पाहताना आम्हाला एक प्रश्न वारंवार पडतो. एखाद्या मोठ्या छायाचित्रकाराचा प्रभाव पडतो म्हणजे नेमकं काय होतं? आपण त्याची चौकट उचलतो की त्याची काम करण्याची रीत? 'शैली' या एकाच शब्दात या दोन्ही गोष्टी कोंबल्या जातात आणि त्याची किंमत मात्र फोटोतल्या माणसाला मोजावी लागते.

गॉर्डन पार्क्स यांचं उदाहरण घेऊ. १९१२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, फोर्ट स्कॉट या गावी, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. रेल्वेत वेटरचं काम करताना प्रवाशाने मागे ठेवलेल्या एका मासिकात त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांचे फोटो पाहिले आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. १९४२ मध्ये फेलोशिप मिळवून ते वॉशिंग्टनला सरकारच्या एका छायाचित्र विभागात दाखल झाले. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्यांना सुरुवातीलाच कॅमेऱ्याविना शहरात पाठवलं. कपड्यांच्या दुकानात जा, हॉटेलात जेव, सिनेमा बघ. प्रत्येक ठिकाणी रंगामुळे अपमान वाट्याला आला. पार्क्स संतापून परतले. तेव्हा स्ट्रायकर यांनी त्यांना त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या बाईंशी बोलायला सांगितलं.

त्या बाईंचं नाव एला वॉटसन. वडिलांना जमावाने ठार केलेलं, नवरा अपघाताने गोळी लागून गेलेला, आणि त्या सरकारी कार्यालयांची फरशी पुसत संसार ओढत होत्या. पार्क्स यांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांना अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभं केलं. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप. हा फोटो पुढे 'अमेरिकन गॉथिक' या नावाने जगभर गाजला. ग्रँट वूड यांच्या १९३० च्या प्रसिद्ध चित्राचं हे नाव. त्या चित्रातल्या गोऱ्या शेतकऱ्याच्या हातात दाताळं आहे. पार्क्स यांनी त्या जागी झाडूवाली बाई उभी केली आणि देशालाच प्रश्न विचारला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची सांगितली जात नाही. तो फोटो काढून पार्क्स थांबले नाहीत. काही आठवडे ते एला वॉटसन यांच्या घरी जात राहिले. त्यांचं स्वयंपाकघर, नातवंडं, चर्चमधली प्रार्थना, कामावर जाण्याची तयारी, हे सगळं त्यांनी टिपलं. झेंड्यासमोरच्या त्या एका फोटोमागे असे डझनांनी फोटो आहेत. म्हणूनच त्या बाई 'पीडित' या शिक्क्याखाली दबल्या नाहीत. एक पूर्ण माणूस म्हणून त्या उरल्या.

आता आमच्या अभ्यासिकेतल्या एका विद्यार्थ्याबद्दल. पदवीच्या प्रकल्पासाठी त्याने सफाई कामगार हा विषय घेतला. पार्क्स यांचा तो फोटो त्याच्या मोबाईलच्या पडद्यावरच होता. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर त्याने वस्तीतल्या एका कंत्राटी सफाई कामगार मावशींना झाडू घेऊन तिरंग्यासमोर उभं केलं. कृष्णधवल, कडक सावल्या, थेट कॅमेऱ्यात रोखलेली नजर. फोटो देखणा होता. त्याची छापील प्रत मावशींना दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोटू चांगला आलाय बाळा. झाडू हाय, झेंडा हाय. पण ह्याच्यात मी कुठं हाय? तू मला काय इचारलंच न्हाईस."

आम्ही समाजशास्त्र शिकलो ते क्षेत्रकार्याचे धडे गिरवत. पण माणसाला 'विषय' करण्यावरची इतकी नेमकी टीका आम्हाला पुस्तकात क्वचितच भेटली.

मग तो पोरगा दोन आठवडे कॅमेरा घरी ठेवून पहाटे हजेरी चौकीवर जाऊ लागला. मुकादम नावं कशी पुकारतो, हातमोजे कुणाला मिळतात आणि कुणाला नाही, ठेकेदार बदलला की जुनी सेवा कशी पुसली जाते, हे त्याला तिथे कळलं. त्यानंतरचे फोटो वेगळे होते. पगाराची पावती मुलीकडून वाचून घेणाऱ्या मावशी. ड्यूटी संपल्यावर एकमेकींची वेणी घालणाऱ्या बायका. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली इस्त्रीची साडी नेसून बसलेल्या मावशी; हा फोटो त्यांनी स्वतः मागून काढून घेतला. कॉलेजातल्या परीक्षकांना ही मालिका पटली नाही. यात वेदना दिसत नाही, शैली दिसत नाही, असा शेरा मिळाला. झेंड्याच्या फोटोला मात्र शाबासकी!

मित्रांनो, हा शेरा एका विद्यार्थ्यापुरता नाही. आपल्या माणसाने कसं दिसावं, याचा साचा आधीच ठरलेला आहे. गटारात गळ्यापर्यंत बुडालेला, डोळ्यांत पाणी आणलेला, नाव नसलेला. आपलीच मुलं चांगल्या गुणांसाठी त्या साच्यात आपल्याच आयाबहिणींना बसवू लागली, तर कॅमेरा आपल्या हाती आला असं म्हणता येईल का?

आमचं म्हणणं असं मुळीच नाही की घाण, मृत्यू, अत्याचार दाखवू नयेत. दाखवलेच पाहिजेत. मुंबईच्या सफाई कामगारांचं नरकासारखं काम सुधारक ओलवे यांच्या फोटोंनी जगासमोर आणलंच ना! प्रश्न आहे तो संबंधाचा. फोटो काढणारा कुठे उभा आहे आणि फोटोतल्या माणसाचा त्यात वाटा किती?

या प्रश्नाला पार्क्स यांच्याच वाटेने गेलेल्या एका विद्यार्थिनीने उत्तर दिलं आहे. लटोया रूबी फ्रेझर, जन्म १९८२, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉक या पोलादनगरीत. विद्यार्थिदशेतच तिने आजी, आई आणि स्वतः यांचे फोटो काढायला सुरुवात केली. कारखान्याचं प्रदूषण, घरातली आजारपणं, गावातलं रुग्णालय बंद होणं हे सगळं त्यात आलं. तिचे फोटोही कृष्णधवलच. पण तिने आईच्याही हाती कॅमेरा दिला. काही फोटो आईने काढलेले आहेत. २०१४ च्या 'द नोशन ऑफ फॅमिली' या तिच्या पुस्तकात आई नुसती फोटोत नाही, ती फोटो घडवणारीही आहे. प्रभाव म्हणतात तो याला! पार्क्स यांनी १९६६ च्या आत्मकथेला दिलेल्या नावाचा अर्थच 'शस्त्राची निवड' असा आहे. हे शस्त्र कुणावर रोखायचं आणि कुणाच्या हाती द्यायचं, हे फ्रेझरला नेमकं कळलं.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, कारण आपलं म्हणणं दुसऱ्याच्या पत्रातून मांडलं जाणार नव्हतं. फोटोचंही तसंच आहे. म्हणून कॅमेरा घेऊन वस्तीत उतरणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला आमचं सांगणं आहे. पार्क्स यांची चौकट एका दिवसात उचलता येते, त्यांची रीत उचलायला दिवस घालवावे लागतात. आधी कॅमेऱ्याविना जा. नाव विचारा. ऐका. फोटो काढल्यावर तो पहिल्यांदा त्याच माणसाला दाखवा आणि विचारा, "यात तुम्ही आहात का?" उत्तर 'नाही' आलं, तर परीक्षकाने कितीही गुण दिले तरी काम अपुरं आहे असं समजा.

जय भीम!