नासाऊ बंदर : आठ तासांचा मुक्काम

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आज प्रवासी बोटींवर कामाला आहेत. कुणी किचनमध्ये भांडी घासतो, कुणी लॉन्ड्रीत चादरी पिळतो, कुणी पाहुण्यांच्या खोल्या लावतो. घरी फोन आला की आई विचारते, "आज कुठं हाय बोट?" आणि तिकडून उत्तर येते, "नासाऊला." हे नासाऊ म्हणजे नेमके काय, तिथे पोराने खाली उतरावे की नाही, उतरलाच तर काय पाहावे, हे घरच्यांना कळत नाही. आता तर मुलाच्या नोकरीच्या सवलतीत आईवडीलही एखादी सफर करून येतात. त्यांच्यासाठी आणि त्या पोरांसाठी हा लेख. माझी स्वतःची बारा वर्षे बोटीवरच्या लॉन्ड्रीत गेली आणि त्यात नासाऊला किती वेळा उतरलो याची मोजदाद राहिलेली नाही.

नासाऊ ही बहामा देशाची राजधानी. काटेकोरपणे नकाशा पाहिला तर ही बेटे अटलांटिक महासागरात येतात, पण बोटवाले त्यांना सर्रास कॅरिबियनच म्हणतात. देश लहान, वस्ती चार लाखांच्या आसपास. त्यातली बहुसंख्य माणसे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. 1973 च्या 10 जुलैला हा देश इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. बंदराची नवी इमारत 2023 साली उघडली. एका वेळी सहा मोठ्या बोटी लागतात आणि गर्दीच्या दिवशी पंचवीस हजारांच्या पुढे माणसे एकदम गावात उतरतात.

उतरण्याआधी घड्याळ पाहावे. बोटीची वेळ आणि गावाची वेळ कधीकधी वेगळी असते, आणि बोट चालते ती स्वतःच्या वेळेवर. परत चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. ती दारावरच्या पाटीवर लिहिलेली असते. बोट कुणासाठी थांबत नाही. बोटीचे कार्ड आणि फोटोचे ओळखपत्र जवळ असावे. बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. बोटीवर काम करणाऱ्या पोरांना आणखी एक सांगणे : कुणाची सुरक्षेची पाळी आहे ते बघूनच खाली उतरा. काही जणांना बंदरात बोट उभी असतानाही वरच राहावे लागते. तो नियम आगीच्या वेळी उपयोगी पडतो.

पैशाचे सोपे आहे. बहामी डॉलर आणि अमेरिकन डॉलर यांचा भाव एकास एक आहे आणि दोन्ही चालतात. मात्र सुटे बहामी नाण्यांत आले तर तिथेच खर्चून टाका, पुढच्या बंदरात त्यांना कुणी हात लावत नाही. वाहने आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. अमेरिकन पाहुणे उलटीकडे बघून रस्ता ओलांडतात आणि हॉर्न खातात, आपल्याला तो त्रास नाही.

बंदरातून बाहेर पडले की समोरच बे स्ट्रीट. सोन्याहिऱ्यांची दुकाने, अत्तरे, दारू. ते बघायला पैसे लागत नाहीत, म्हणून दहा मिनिटे बघावे आणि पुढे चालावे. वाटेत गवताच्या टोपल्या-टोप्यांचा बाजार लागतो. जुना बाजार 2001 साली जळाला, नवा 2011 साली उभा राहिला. विकणाऱ्या बहुतेक बायका. भाव करावा, पण पिळू नये. बराच माल हल्ली बाहेरदेशी बनतो, त्यामुळे हाताने विणलेलेच हवे असेल तर बसून विणत असलेल्या बाईकडूनच घ्यावे.

याच रस्त्यावर एक बैठी, कमानींची, गुलाबी इमारत आहे. तिच्या समोरून रोज हजारो लोक आईस्क्रीम खात निघून जातात. ही इमारत म्हणजे व्हेंड्यू हाऊस, लिलावाचे घर. इथे माल विकला जाई, गुरे विकली जात आणि माणसेही विकली जात. 1992 पासून तिथे गुलामगिरीचे संग्रहालय आहे आणि त्याला पॉम्पी या गुलामाचे नाव दिले आहे. नासाऊत दुसरे काही पाहायला जमले नाही तरी हे पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगत आलो.

पॉम्पीची हकीकत अशी. एक्झुमा नावाच्या बेटावर लॉर्ड रोल या इंग्रज जमीनदाराचे मळे होते. 1830 साली तिथल्या काही गुलामांना हुकूम झाला की तीन दिवसांत सामान बांधा, तुम्हाला दुसऱ्या बेटावर नेणार. पिके उभी होती, नवराबायकोची ताटातूट होणार होती. पॉम्पीच्या पुढारपणाखाली ते रानात शिरले. काही आठवड्यांनी, दाणागोटा संपत आल्यावर, 44 जणांनी मालकाचीच मिठाची होडी ताब्यात घेतली आणि नासाऊ गाठले. कशासाठी? गव्हर्नरापुढे आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी. गव्हर्नर भेटण्याआधीच त्यांना पकडून तुरुंगात टाकले आणि चाबकाने फोडले, बायकांनाही. गव्हर्नर कारमायकेल स्मिथला हे कळले तेव्हा तो संतापला. त्यांना परत एक्झुमाला पाठवले गेले, पण नव्या बेटावर नाही. पुढे पॉम्पीला पकडून 39 फटके मारले. पण रोलच्या गुलामांना त्यांच्या मर्जीविरुद्ध हलवता येणार नाही, एवढे त्यांनी मिळवले. चार वर्षांनी, 1 ऑगस्ट 1834 ला, इंग्रजांच्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली. ज्या बंदरात आपली बारा मजली बोट उभी असते, त्याच बंदरात ती मिठाची होडी लागली होती.

तिथून पंधरा-वीस मिनिटे चढत गेले की राणीचा जिना येतो. चुनखडीचा अखंड डोंगर कापून काढलेली खोल घळ, आणि तिच्या टोकाला वर जाणाऱ्या 65 पायऱ्या. मुळात 66 होत्या, एक रस्त्याखाली गेली. नाव व्हिक्टोरिया राणीचे, पण कापला गुलामांनी, कुदळी-पहारींनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस. वरच्या फिनकॅसल किल्ल्यापर्यंत वाट असावी म्हणून ही मेहनत. तो किल्ला 1793 चा. घळीत गारवा असतो. तिथे उभे असलेले वाटाडे आपणहून माहिती सांगू लागतात आणि शेवटी बक्षिसी मागतात. ऐकायचे असेल तर एकदोन डॉलर द्यावेत, नसेल तर आधीच हात जोडून पुढे जावे.

आता सुरक्षेचे. बोटीवर सांगतात, "टेकडीपलीकडे जाऊ नका." अमेरिकन सरकारच्या सूचनेतही शर्ली स्ट्रीटच्या दक्षिणेचा हा भाग नाव घेऊन येतो. जानेवारी 2024 मध्ये शहरात खून वाढल्याबद्दल त्यांच्या वकिलातीने खास इशाराही दिला होता. टोळ्यांची भांडणे आहेत, ही गोष्ट खरी. तेव्हा अंधार पडल्यावर तिकडे भटकू नये, एकटे तर नाहीच. अंगावर दागिने मिरवू नयेत. हे सगळे पाळावे.

पण टेकडीपलीकडे म्हणजे काय, हेही ठाऊक असावे. गुलामांच्या बोटी इंग्रज आरमाराने पकडल्या, त्यातून सोडवलेल्या आफ्रिकन माणसांना आणि पुढे मोकळ्या झालेल्या गुलामांना राहायला जागा मिळाली ती टेकडीच्या मागे : ग्रँट्स टाऊन, बेन टाऊन. समुद्र, वारा आणि दुकाने पुढच्या बाजूला गोऱ्या व्यापाऱ्यांकडे, कामाला येणारी माणसे मागच्या बाजूला. गावाबाहेरची वस्ती कशी असते हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. 1942 साली विमानतळ बांधणाऱ्या मजुरांना रोज चार शिलिंग मिळत. 1 जूनला ते टेकडी उतरून बे स्ट्रीटवर आले, दुकाने फुटली, गोळीबार झाला, माणसे मेली. मजुरी नंतर पाच शिलिंग झाली आणि वर दुपारचे जेवण. 1956 पर्यंत इथल्या हॉटेलांत आणि सिनेमागृहात काळ्या माणसाला उघडपणे मज्जाव होता. 1958 चा सार्वत्रिक संप सुरू झाला तो टॅक्सीवाल्यांच्या भांडणातून. आणि 10 जानेवारी 1967 ला पहिल्यांदा काळ्या बहुसंख्यांचे सरकार आले. त्याचे प्रमुख लिंडेन पिंडलिंग याच टेकडीपलीकडचे. म्हणून नुसते "तिकडे गुंड राहतात" म्हणून गप्प बसणे मला पटत नाही. तो भाग पाहायचाच असेल तर दिवसा, माहितगार टॅक्सीवाल्याबरोबर, आधी भाडे ठरवून पाहावा. लोक रविवारचे कपडे करून चर्चला जाताना दिसतील.

खरे धोके मात्र पाण्यात जास्त. किनाऱ्यावर पाण्याची मोटारसायकल भाड्याने देणारे मागे लागतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये, मुलींनी तर मुळीच नाही. अशा चालकांकडून बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आहेत आणि अमेरिकन सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना नासाऊत ती भाड्याने घ्यायला बंदी केली आहे. 2023 च्या नोव्हेंबरात ब्लू लगून बेटाकडे निघालेली पर्यटकांची होडी बुडाली, तीत शंभरावर लोक होते आणि एक वृद्ध बाई गेली. होडीत चढताच जीवरक्षक जॅकेट कुठे आहे ते विचारावे. पोहता येत नसेल तर बंदरापासून चालत जाण्यासारख्या जंकानू बीचवर गुडघाभर पाण्यात बसावे. ते फुकट आहे. फक्त चपला आणि पिशवी एकाने राखावी.

गांजा विचारणारे भेटतात. मान हलवून चालते व्हावे. पोरांनो, बोटीवर तपासणी होते आणि एका झुरक्यात नोकरी जाते.

खाण्याचे म्हणाल तर मोठ्या शंखातल्या मांसाची कोशिंबीर इथे नावाजलेली : कांदा, टोमॅटो, तिखट मिरची, वरून लिंबू. समोर चिरून देतात. अरावाक के या जागी अशी दुकाने ओळीने आहेत. भातही बघावा, त्यात तुरीचे दाणे असतात. तूर मूळची आपल्याकडची. आफ्रिकेतून ती या बेटांवर पोहोचली. आमच्या बोटीवरचा एक नांदेडचा पोरगा पहिल्यांदा तो भात खाऊन म्हणाला, "आमच्या आजीचाच हात लागलाय याला."

26 डिसेंबरला किंवा 1 जानेवारीला बोट नासाऊत असेल तर नशीब. त्या दिवशी जंकानूची मिरवणूक निघते, मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळपर्यंत चालते. गुलामांना नाताळात मिळणाऱ्या सुट्टीतून ती आली. रंगीत कागदांचे पोशाख, गाईच्या गळ्यातल्या घंटा आणि बकऱ्याच्या कातड्याचे ढोल. ढोल वाजवण्याआधी शेकोटीवर धरतात, आपल्याकडे हलगी शेकतात तसे. एका वर्षी आमच्यातला एक जण शेकोटीपाशी नुसता बघत उभा होता, तर त्या लोकांनी त्याच्या हातात ढोल दिला. आम्ही त्याला बोटीच्या वेळेसाठी अक्षरशः ओढून आणले.