सिअ‍ॅटलच्या परसांत

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत सिअ‍ॅटल शहर आहे. वर्षाच्या पावसाचा हिशेब केला तर आमची मुंबई त्यास सहज मागें टाकील. परंतु तेथील पाऊस कोसळत नाहीं, ऑक्टोबरापासून वसंतापर्यंत रिमझिमत राहतो. एकदां भिजलेली वस्तु लवकर वाळत नाहीं. ही गोष्ट आम्हांस खरी उमगली ती भाच्याच्या परसांत.

भाच्याच्या बारा वर्षांच्या मुलास स्केटबोर्डाचा, म्हणजे चार चाकांच्या फळीवर उभें राहून धांवण्याचा, मोठा नाद. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ आला, तेव्हांपासून तो जडला. पितापुत्रांनीं परसांत लांकडी रॅम्प उभारला होता : मध्यें सपाट, दोन्ही टोंकांस वर वळलेला. त्यावर साधें प्लायवुड ठोकलें होतें. एका हिवाळ्यांत त्याच्या कडा फुगल्या, पापुद्रे सुटले. चाक त्यांत अडलें आणि मुलाचें मनगट मोडलें. आम्ही पोंचलों तेव्हां हात नुकताच प्लॅस्टरमधून सुटला होता.

"मोडून टाका तें," सूनबाई म्हणत.

"आजोबा, दोष खेळाचा नाहीं, लांकडाचा आहे," मुलगा आम्हांस म्हणाला.

मग लांकडाचीच परीक्षा घ्यावी, असें आम्ही सुचविलें. पत्रा उन्हांत तापतो व ओला झाला कीं निसरडा होतो, म्हणून तो आधींच वगळला. तीन तुकडे आणविले. एक बाहेरच्या कामाचें प्लायवुड. दुसरा मेसोनाइटचा : लांकडाचे तंतू वाफेनें फोडून दाबलेला हा गुळगुळीत, स्वस्त तक्ता विल्यम मेसन यांनीं १९२४ सालीं मिसिसिपी संस्थानांतील लॉरेल येथें शोधिला. तिसरा स्केटलाइटचा : कागदाचे थर राळेंत भिजवून, उष्णतेनें व दाबानें घट्ट केलेला, तो सिअ‍ॅटलच्या दक्षिणेस असलेल्या टॅकोमा येथील कारखान्याचा.

तिन्ही तुकडे रात्रभर बादलींत ठेविले. सकाळीं मेसोनाइटच्या कडा फुगल्या होत्या. प्लायवुडचे रेषे वर आले होते. कागदाचा तक्ता मात्र होता तसाच. सूनबाईंनीं तिन्हींवरून तळहात फिरविला व त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या.

राहिली अडचण किंमतीची, कारण स्केटलाइट या तिहींत सर्वांत महाग. तेव्हां रॅम्पच लहान करावयाचें ठरलें. खालीं पातळ प्लायवुडचे दोन थर, सांध्यावर सांधा येऊं न देतां, वर स्केटलाइट, स्क्रूंचीं डोकीं पृष्ठभागाच्या आंत बुडविलेलीं, सांगाडा जमिनीपासून उचललेला, म्हणजे खालून वारा खेळेल, आणि खेळ संपतांच ताडपत्री. सूनबाईंनीं दोन अटी घातल्या : शिरस्त्राण व मनगटपट्टे यांवांचून फळीवर पाय ठेवावयाचा नाहीं, आणि रॅम्प ओला असतां कोणीं चढावयाचें नाहीं, कारण उत्तम तक्ताही ओला झाला कीं घसरतो.

आमच्या आईचें अंगण दर आठवड्यास सारवलें जाई. पावसाळा सरला कीं पुन्हां पहिल्यापासून. निघण्याच्या दिवशीं पहांटे आम्ही खिडकींतून पाहिलें, तों सूनबाई ताडपत्री बाजूस सारून जुन्या पंचानें रॅम्पवरची ओल पुसत होत्या. आणि मुलगा शिरस्त्राण घालून पायरीवर वाट पाहात बसला होता.