सोळा किलोची किटली

व्यायाम करायचा, असं मी आयुष्यात अनेकदा ठरवलेलं आहे. ठरवण्याचा व्यायाम मला पुष्कळ झालेला आहे. या खेपेला मात्र कारण निराळं होतं. गेल्या पावसाळ्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि तिला रोज पलंगावरून खुर्चीत बसवण्याचं काम घरात सुरू झालं. आईचं वजन ४१ किलो. हे काम सौ. करीत असे. एकदा ती माहेरी गडचिरोलीला गेली असताना मी पुढे झालो, आईच्या काखांत हात घातले, तिला अर्धवट उचललं, आणि तिथंच माझी कंबर आणि मी, आमचे मार्ग वेगळे झाले. आई परत पलंगावर टेकली.

"राहू दे बापा," ती म्हणाली. "बसून तरी काय कराचं आहे मले?"

हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. कंबरही होतीच साथीला.

भाच्याला फोन केला. तो पुण्यात असतो, म्हणजे त्याला सगळं कळतं. "मामा, साधी जिम नको. फंक्शनल ट्रेनिंग करा." फंक्शन म्हटलं की मला हार, नारळ आणि अध्यक्षीय भाषण आठवतं. पण त्याचा अर्थ असा निघाला, की उचलणं, वाकणं, ओढणं, वाहून नेणं ही रोजच्या जगण्यातली कामं अंगाला शिकवायची. त्यातल्या एका प्रकाराचं नाव 'फार्मर्स वॉक'. दोन्ही हातांत जड वजनं घेऊन चालायचं. आमच्या मूल-सिंदेवाहीकडचे धानवाले शेतकरी हा व्यायाम जन्मभर करतात. त्याला इंग्रजी नाव आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

मार्च महिन्यात मी चंद्रपुरातल्या एका दुकानात शिरलो. आत सगळी सामग्री मांडलेली. अजगरासारखा जाडजूड दोर, रबराचे रंगीत पट्टे, छताला टांगायचे पट्टे, वाळू भरायची रिकामी पिशवी. (वाळू आपली आपण आणायची. किंमत पिशवीची.) आणि मधोमध केटलबेल. नावात किटली आहे आणि घंटाही आहे, पण चहा निघत नाही आणि वाजतही नाही. तोफेच्या गोळ्याला कडी बसवली की झाली केटलबेल.

"काका, गोल काय आहे?" दुकानातल्या पोरानं विचारलं.

"हीच गोल आहे," मी केटलबेलकडे बोट दाखवून म्हणालो.

त्याला उद्दिष्ट विचारायचं होतं. 'आईला खुर्चीत बसवायचं आहे' हे त्या आरशांच्या दुकानात माझ्या तोंडून निघेना. "फिटनेस," मी म्हणालो. खोटं बोलताना इंग्रजी शब्द बरा पडतो.

पोरगा मोठा जाणता होता. त्यानं मला तीन जाती दाखवल्या. पहिली प्लास्टिकच्या कवचाची, आत सिमेंट. स्वस्त, पण वजनाच्या मानानं अवाढव्य. चंद्रपूर जिल्ह्यात राहून सिमेंट विकत घेऊन उचलायचं? आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर ते फुकट येऊन बसतं. दुसरी स्पर्धेची, पोलादी. तिचं वैशिष्ट्य असं, की ८ किलोची असो वा ३२ किलोची, आकार तोच. सरकारी कचेरीतल्या टेबलांसारखं. खालचा किती भार वाहतो, बाहेरून कळत नाही. तिसरी साधी ओतीव लोखंडाची. तिची कडी तपासून घ्यायची: दोन्ही हात मावतात का, ओतकामाची शिवण बोटांना लागते का, बूड सपाट आहे का. मी शिवण चाचपली, कडी वाजवून पाहिली. वाजवायचं कारण काही नव्हतं, पण माठ घेताना वाजवतात.

"नवीन माणसानं १२ घ्यावी," तो म्हणाला, "पण पुरुष सहसा १६ घेतात." त्या 'पुरुष' शब्दानं घात केला. १६ घेतली. तिच्यावर मीरतचा पत्ता होता. आमच्या एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडहून लोहखनिजाचे ट्रकच्या ट्रक जातात, आणि लोखंड उचलायची वेळ आली की ते मीरतहून येतं!

आईनं ते पाहिलं. "हे तं अडत्याच्या काट्यावरचं वजन आहे. काय दिले?"

मी किंमत निम्मी सांगितली.

"आणि धान्य कुठं आहे?"

मला हसू आलं. पण पुढे वाचनात आलं, की म्हातारी शंभर टक्के बरोबर होती. रशियात याला 'गीर्या' म्हणतात. बाजारात धान्य तोलायची ती वजनं. लोक ती उचलून ताकद दाखवू लागले. १६, २४, ३२ हे आकडेही तिथलेच. 'पूद' हे त्यांचं जुनं माप, सुमारे १६ किलो ३८० ग्रॅमचं. एक पूद, दीड पूद, दोन पूद. वर्ध्याच्या पलीकडे न गेलेल्या आईनं रशियाचा बाजार पलंगावरून ओळखला.

झोका कंबरेच्या खुब्यातून द्यायचा, हातानं नाही, असं भाच्यानं बजावलं होतं. मी दिला तो कुठून दिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. एप्रिलात ती गच्चीवर विसरली. चंद्रपूरचं ऊन! दुपारी कडीला हात लावला, आणि त्या दिवसाचा व्यायाम एकाच उडीत आटोपला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिनला जाऊन व्यायामाचे खेळ दाखवून आली, त्याच विदर्भातला मी बर्नोल शोधत होतो.

शेवटी आईकडे येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी ती किटली पाहिली. त्यांना मात्र मी खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण आजींना कडी कुठे आहे?"

खरंच की. लोखंड हातात गपगुमान राहतं. माणूस कलतो, सरकतो, घाबरतो, ऐनवेळी पाय उचलतो. बाईंनी घरातली तांदळाची २५ किलोची चुंगडी आणायला लावली. ती मिठी मारून छातीशी घ्यायची, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून. चुंगडीतला तांदूळ हलतो, एका बाजूला जातो, आणि अंग आपोआप सावरायला शिकतं. शिवाय त्यांनी सांगितलं, की आजींना उचलायचं नाहीच. काखेत हात तर मुळीच नाही. त्यांचे पाय मागे घ्या, त्यांना पुढे वाकवा, नाक पायांच्या बोटांच्या पुढे आलं की त्यांचं वजन त्यांच्याच पायांवर येतं. तुम्ही फक्त धरा.

महिनाभर मी चुंगडी घेऊन उठबस केली. आई पलंगावरून मोजत असे. "सांडू नको, एचएमटी आहे तो," एवढंच तिचं मार्गदर्शन.

मग एका सकाळी सौ.ला बाजूला उभी करून मी आईला धरलं. आई पुढे वाकली. तिचा गाल माझ्या खांद्याला लागला. ती चुंगडीपेक्षा जड होती आणि तरीही कशी कोण जाणे, हलकी होती. वळलो, टेकवली. खुर्चीत बसली.

बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग तिची नजर दाराला टेकू म्हणून लावलेल्या केटलबेलवर गेली.

"ते अडत्याले वापस देऊन ये," ती म्हणाली.