दिवेआगरची ओहोटी आणि बाबांची गोळी

डिसेंबर जवळ आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हटकून येतो. रक्तदाबाची गोळी लिहून घेऊन उठता उठता कुणी आजोबा विचारतात, "डॉक्टर, कोकणात चाललोय चार दिवस. सकाळचं फिरणं तेवढं बंद ठेवलं तर चालेल ना?" त्यांच्यासोबत आलेली सून किंवा मुलगी काही बोलत नाही, पण तिचीही पहाटेची एक फेरी असते आणि आपण तीही सोडायची का, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर असतो. दोघांनाही मी एकच उत्तर देतो : बंद ठेवू नका. व्यायामाने रक्तातील साखरेवर होणारा चांगला परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरू लागतो. आणि जी व्यक्ती दिवसभर दुसऱ्याचे औषधपाणी सांभाळते, तिच्या वाट्याला पहाटेचा तो तासच काय तो स्वतःचा असतो.

हे उत्तर आजही तेच आहे. मात्र तीन वर्षांपूर्वी दिवेआगरला जे घडले, त्यानंतर मी त्याला थोडी पुस्ती जोडतो. ती आपणांसही सांगावी, म्हणून हा लेख.

मी पुण्यात राहतो आणि गेली बारा वर्षे रोज सकाळी धावतो. वेग फारसा नाही. पण नियम आहे. त्या वर्षी मार्गशीर्षात पत्नी, मी आणि एक्क्याऐंशी वर्षांचे माझे वडील ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगरला गेलो. नारळी-पोफळीच्या वाडीतील एका घरी उतरलो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील वाड्या आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडे अक्षरशः आडवी केली होती. पोफळ उभी राहून फळाला यायला वर्षे लागतात. घरच्या काकू नवी रोपे दाखवताना त्यांच्या वयाचा हिशेब नातवंडांच्या वयासारखा सांगत होत्या.

दिवेआगरचा किनारा चारेक किलोमीटर लांब आणि बराचसा सपाट आहे. रायगडच्या किनाऱ्यावर सगळीकडे असे नाही. काशीदला उतार अधिक आणि पाण्याला ओढ. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते; पण परतायला उशीर झाला तर वाट पाण्याखाली जाते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सुंदर खरी, परंतु ती ओहोटीलाच करायची असते आणि तेथील पायऱ्या व खडक दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत. सकाळच्या सरावासाठी मला विचाराल तर दिवेआगर.

पहिल्या सकाळी मला आनंदाचे भरते आले. पाणी दूर गेलेले, ओली वाळू फरसबंदीसारखी टणक, माणूस नाही. परत आल्यावर काकूंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आज प्रतिपदा ना, मग सातला सुकती असणारच." कोकणात समुद्राचे घड्याळ तिथीवर चालते. तिथीच्या अंकाला तीनाने गुणावे व चाराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, दशमीला साडेसातला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांच्या थोडे पुढे ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, दहा-वीस मिनिटे, क्वचित अधिकही, इकडेतिकडे होतात. पण फिरायला जाणाऱ्याला पुरेसा आहे. आपण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात, तर सकाळी रुंद आणि टणक किनारा मिळेल. अष्टमीच्या सुमारास गेलात, तर सकाळी पाणी वर आलेले असेल आणि वाट्याला येईल ती वरची कोरडी, पाय रुतवणारी वाळू. अशा वाळूत चालायला सपाट रस्त्याच्या दुपटीहून अधिक श्रम पडतात. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता माझी चूक. ओहोटी रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. प्रतिपदेला सात, द्वितीयेला पावणेआठ, तृतीयेला साडेआठ. टणक वाळूच्या मोहाने मीही रोज तिच्यामागे पुढे सरकत गेलो. बाबांचा दिनक्रम मात्र घरचाच होता : साडेसातला मधुमेहाची गोळी, आठला न्याहारी. ती गोळी साखर खाली आणणाऱ्या त्या गटातील, जिच्यानंतर वेळेवर खाणे अनिवार्य असते. हे मी रोज वीस रुग्णांना सांगतो.

तिसऱ्या दिवशी पावणेआठला निघताना मी म्हणालो, "बाबा, सव्वाआठला आलोच. मग एकत्रच खाऊ." पत्नी काकूंबरोबर वाडीच्या दुसऱ्या टोकाला होती. किनारा त्या दिवशी इतका मोकळा होता की मी वेळास बाजूच्या टोकापर्यंत गेलो, थांबलो, फोटो काढले. परतताना नऊ वाजत आले होते. सुरूच्या झाडांजवळ, कोरड्या वाळूत पडलेल्या एका ओंडक्यावर बाबा बसलेले दिसले. माझी वाट पाहून ते मला शोधायला आले होते. पोटात फक्त बिनसाखरेचा चहा.

"खाल्लं का नाही?" मी विचारले.

"तू एकत्र खाऊ म्हणालास ना! आणि मला काय झालंय? डॉक्टरकी पुण्यात ठेवून यायची." एवढे बोलून त्यांनी माझा हात झिडकारला.

बाबा आयुष्यात असे बोललेले नाहीत. तो राग हेच लक्षण होते. वृद्धांमध्ये साखर खाली गेली की घाम, थरथर, धडधड दिसेलच असे नाही. आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड झाकलीही जाते. दिसतो तो हट्ट, चिडचिड, गोंधळ, किंवा नुसते गप्प होणे. घरची माणसे म्हणतात, वयामुळे स्वभाव बिघडला.

माझ्या खिशात फोन होता, साखर नव्हती. जवळच्या टपरीवाल्याने शहाळे पुढे केले. भावना चांगली, पण शहाळ्याच्या पाण्यात साखर कमी असते. मी त्याच्याकडून चहाची साखर मागितली, तीन चमचे पाण्यात ढवळून बाबांना घोटघोट पाजली. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तेवढीच. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. आणि माणूस गुंगीत असेल, गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

काही वेळाने बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुझे बूट एवढे ओले कसे?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला. खोलीवर यंत्राने ८२ दाखवले. आधी ती किती खाली गेली असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. रात्री केला, आणि झोप आली नाही.

ही हकीकत तेथेच संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. या गोळ्यांचा अंमल दिवसभर राहतो. एकदा सावरलेली साखर दुपारी पुन्हा घसरू शकते, आणि मूत्रपिंडे मंदावलेल्या वृद्धांत अधिकच. म्हणून त्या दिवशी हरिहरेश्वर रद्द केले. काकूंचे तांदळाचे घावन, दुपारचा भात, दर दोन तासांनी बोटाला सुई. बाबांनी कुरकुर केली, पण ती नेहमीची होती. ऐकून बरे वाटले.

धावणे मी सोडले नाही. चतुर्थीला सकाळी ओहोटी सव्वानऊला होती. मी तिचा नाद सोडून साडेसहाला गावातल्या रस्त्याने निघालो. बाबा बरोबर होते. निघण्यापूर्वी त्यांनी एक केळे आणि दोन बिस्किटे खाल्ली. गोळी परतल्यावर, न्याहारीचे ताट समोर आल्यावरच. त्यांच्या खिशात साखरेच्या चार पुड्या, माझ्या खिशात चार. पायात बूट, कारण मधुमेहात तळव्यांची जाणीव मंदावते आणि फुटका शिंपला रुतलेला संध्याकाळपर्यंत कळत नाही. अनवाणी चालण्याचे गुणगान करणारे पाहुणे दरवर्षी सुट्टीनंतर माझ्याकडे जखम घेऊन येतात, हे जाता जाता.

मी दोनतीनशे पावले पुढे धावत जाई, वळून त्यांच्यापाशी येई, पुन्हा पुढे. अशा येरझारांत माझे रोजचे अंतर होऊन गेले. वाड्यांतील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून वेग नेहमीहून कमी ठेवला. शेजारच्याशी बोलता येईल इतकाच. बाबा काठी टेकत रूपनारायणाच्या मंदिरापर्यंत आले. तेथे कठड्यावर बसून त्यांनी बोटांवर काही मोजले.

"उद्या पंचमी," ते म्हणाले. "पाच त्रिक पंधरा, भागिले चार. पावणेचारला भरती. म्हणजे ओहोटी दहाला. न्याहारीनंतर तासाभराने मलाच ने वाळूवर. तू बुटांचं बघ."