आठवा गणपती

मे महिन्यात गावी निघायचं ठरलं की आमच्या डोंबिवलीच्या घरात तीन याद्या व्हायच्या. आईची सामानाची, बाबांची गाडीची आणि आम्हा मुलांवर सोपवलेली गाण्यांची. पहिल्या दोन याद्यांवरून कधी भांडण झाल्याचं आठवत नाही.

१९८८ सालची यादी वहीच्या मधल्या जोडपानावर ताईने केली होती. कोरी कॅसेट ९० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ४५. गाणं साधारण तीन मिनिटांचं धरलं तर दोन्ही बाजू मिळून ३० गाणी. घरात माणसं सहा, प्रत्येकी पाच. ताईचं गणित पक्कं होतं. तिची पाच तर ठरलेलीच होती, त्याच उन्हाळ्यात आलेल्या ‘कयामत से कयामत तक’ची सगळी. बाबांना ‘कट्यार काळजात घुसली’तली वसंतराव देशपांड्यांची पदं, आईला अरुण दाते, काकांना किशोरकुमारशिवाय दुसरं काही नाही. माझ्या पाचातली दोन मी काकांना लिमलेटच्या एका पुडीवर विकली.

आजीने मात्र वाटाच नाकारला. तिला एकच गाणं हवं होतं, १९७९च्या ‘अष्टविनायक’ सिनेमातलं, आठही गणपतींचं दर्शन घडवणारं. “तेवढं पहिलं घाला म्हणजे झालं.” तिची उरलेली चार आम्ही लगेच वाटून घेतली. म्हातारी किती समजूतदार, असं तेव्हा वाटलं होतं.

कागद बाजारातल्या रेकॉर्डिंगवाल्याकडे गेला. दोन डेक, भिंतभर कॅसेटी आणि “परवा या.” हे असं गाणी भरून देणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न अख्ख्या गल्लीत कुणाला पडला नव्हता. या माणसाची एकच खोड. यादीतला क्रम तो मानत नसे, हाताला जी कॅसेट आधी लागेल तिच्यातली गाणी आधी. त्यामुळे आजीचा गणपती पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी गेला. आणि तीन मिनिटांत आठ देवळं कशी होणार? मोरगावहून सुरू झालेलं गाणं सातव्या, महडच्या गणपतीपर्यंत आलं आणि खट्ट. पट्टी संपली.

हे आम्हाला कळलं ते थेट रस्त्यात. आमच्या फियाटमध्ये टेप नव्हता. मागच्या सीटवर मधोमध आजी, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला टू-इन-वन, त्यात सहा मोठे सेल. सेल वाचवायचे म्हणून कॅसेट मागे न्यायची ती पेन्सिलीने. भोकात षटकोनी पेन्सिल खुपसून गरागरा फिरवण्याचं काम माझ्याकडे. सेल उतरले की लताबाईंचा आवाज पुरुषी व्हायचा, मग आम्ही सगळे हसायचो आणि बाबा चिडायचे. गाण्याला बाबांच्या अटीही होत्या. पनवेल सुटेपर्यंत गाणं नाही, कारण गर्दी. घाटात गाणं नाही, कारण इंजिनाचा आवाज ऐकू आला पाहिजे. कशेडीत बॉनेट उघडून गाडी थंड करत उभे राहिलो, तरी ती अट उठायची नाही.

वडखळला चहा झाला की कॅसेट लागायची. तेव्हाचा तो दुपदरी मुंबई-गोवा हायवे, पुढे ट्रकांची रांग. नागोठणं मागे पडेपर्यंत पहिली बाजू संपत आलेली असायची. त्या दिवशी महडनंतर खट्ट झालं आणि गाडीत कुणी काही बोलेना. आजीची मुद्रा बघण्यासारखी झाली होती. “गणपती शेवटी घातलात, आणि तोही अर्धवट?” ताई गणित समजावून सांगायला लागली. तेवढ्यात वाकण फाटा आला. आजीने मांडीवरचा टेप माझ्याकडे दिला आणि डावीकडे, पालीच्या रस्त्याकडे हात जोडले. “आठवा हा इथं आहे. चला आता.”

पुढच्या वर्षी नवी कॅसेट भरायला हरकत नव्हती, पण भरली नाही. पुढची सात-आठ वर्षं तीच वाजली, आणि सातवा झाला की वाकण फाट्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, असू तिथे, सगळी गाडी डावीकडे हात जोडायची. स्टिअरिंग धरलेले बाबा नुसती मान झुकवायचे. (महड खोपोलीजवळ आणि महाड पोलादपूरच्या अलीकडे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर दर वर्षी महाडच्या स्टँडजवळ मी गणपतीचं देऊळ शोधत असे.)

तो रेकॉर्डिंगवाला आमच्या डोक्यात किती खोल बसलाय, ते कधीकधी जाणवतं. रेडिओवर अरुण दाते संपले की माझे कान किशोरकुमारची वाट बघतात, दुसरंच काही लागलं की फसवल्यासारखं होतं.

मागे ताईच्या मुलाच्या लग्नात, आदल्या रात्री अंताक्षरी रंगली होती. पलीकडच्या पार्टीने ‘अष्टविनायक’चं तेच गाणं उचललं आणि अख्खा हॉल त्यात सामील झाला. मोरगाव झालं, थेऊर झालं. महडनंतर ताई, काका आणि मी एकाच शब्दावर थांबलो. बाकीचे पुढे गातच होते. ऐंशीच्या घरातल्या काकांनी खुर्चीत बसल्या बसल्या डावीकडे हात जोडले. तिकडे केटररची माणसं ताटं लावत होती.